नमुना डोळे मिटून काढावा

३ फेब्रुवारी

ती. अण्णांस,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यामुळे तो कागदावरच मान्य करून घ्यावा.

पाकीट हातात आल्यावर तुम्ही ते उलटून पाहिलं असणार, की हा आपलाच जावई की दुसऱ्या कोणाचा. एकोणीस वर्षांत मी तुम्हांला एक ओळ लिहिलेली नाही. फोन केला असता, पण फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही आणि मला ओरडून मदत मागता येत नाही. ओरडून मागितलेली मदत आधी शेजाऱ्यांना पोचते.

होय, मदत. हा शब्द लिहिताना दोन कागद वाया गेले.

मी आमच्या स्क्रूच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर मुख्य आहे, हे तुम्ही जाणताच. शाळा नववीत सुटली. पुढचं सगळं, म्हणजे लेथ, गेज, नकाशे वाचणं, इंग्रजी पत्रव्यवहार, माझं मी शिकलो. (हे मी तुम्हांला प्रत्येक भेटीत ऐकवतो असं तुमची कन्या म्हणते. ऐकवून झालं.) आजवर आम्ही एकूण एक स्क्रू पाहत होतो. आता वरून हुकूम आला आहे: दोन हजारांच्या प्रत्येक खोक्यातून पन्नास स्क्रू काढायचे, तेवढेच पाहायचे आणि त्यांवरून बाकीच्यांचं भविष्य सांगायचं. दोनपेक्षा जास्त खराब निघाले तर खोकं परत. आणि हे भविष्य सांगणाऱ्याने एप्रिलात संख्याशास्त्राची परीक्षा द्यायची. नापास झाला तर त्याची रवानगी पॅकिंगमध्ये, खोक्यांना चिकटपट्ट्या लावायला.

पुस्तक आणलं. पहिल्याच पानावर लिहिलं आहे की हा विषय सर्वांना समजतो. पाचव्या पानाला मी त्या सर्वांतून बाहेर पडलो.

घरात गणितात पहिली येणारी तुमची कन्या आहे. "मी शिकवते," असं ती आपण होऊन म्हणाली होती. मी म्हणालो, "मला आजवर कोणी शिकवलेलं नाही, आता काय शिकवणार." म्हणजे त्या दाराला मीच कडी घातली आणि आता बाहेर उभा आहे. तुम्ही छत्तीस वर्षं कॉलेजात हाच विषय शिकवलात. मला शिकवाल का? तिला मात्र कळू देऊ नका.

तुमचा जावई (तोच)


११ फेब्रुवारी

जावईबापूंस अनेक आशीर्वाद. त्यांतले निम्मे गणितासाठी राखून ठेवावेत.

शिकवीन. अट एकच. मी चूक दाखवली की 'आमच्या कारखान्यात असं नसतं' हे वाक्य लिहायचं नाही.

पहिला धडा. माझ्या खिडकीतून बसथांबा दिसतो. पाटीवर लिहिलं आहे, दर दहा मिनिटांनी बस. रिकामपणाचा उद्योग म्हणून महिनाभर पाहिलं. सरासरी खरोखरच दहा मिनिटं आहे. पण येतात तेव्हा तीन बस एकीला एक चिकटून येतात आणि मग अर्धा तास काळं कुत्रं फिरकत नाही. थांब्यावरच्या माणसाला सरासरी भेटत नाही. त्याला बस भेटते, नाहीतर भेटत नाही. म्हणून कोणी सरासरी सांगितली की लगेच पसारा विचारायचा: आकडे त्या सरासरीपासून किती लांबवर उधळले आहेत. सरासरी सांगून पसारा न सांगणारा माणूस काहीतरी विकायला आलेला असतो.

गृहपाठ: एक नाणं शंभर वेळा उडवा. छापा की काटा, ते क्रमाने लिहून पाठवा.

ता. क. दोन महिन्यांत माझ्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. आमचे म्हातारे डॉक्टर सहज म्हणून आले होते. त्यांनी पोटावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, बोलले काहीच नाहीत, आणि एक तपासणी लिहून दिली. करून येईन. कन्येला सांगायचं कारण नाही. तुमचं गुपित माझ्यापाशी, माझं तुमच्यापाशी. फिटंफाट.

अण्णा


२० फेब्रुवारी

ती. अण्णांस, नमस्कार. आज गुडघा बरा आहे, त्यामुळे थोडा जास्त वाकून.

गृहपाठ सोबत जोडला आहे. छापा एकावन्न, काटा एकोणपन्नास. पहिल्याच खेपेला इतका नेटका निकाल आल्याने माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. ती मी दिली.

नाणं उडवायला घरात जागा कुठे? बाथरूममध्ये शिरून कडी लावली. नाणं फरशीवर पडलं की टणत्कार होतो, हे मी विचारात घेतलं नव्हतं. थोड्या वेळाने बाहेरून आवाज.

"आत काय चाललंय?"

"काही नाही."

"मग पडतंय काय सारखं?"

"साबण."

"साबण असा वाजतो?"

तिचं म्हणणं, माणूस या वयात असा वागायला लागला की वेळेवर दाखवून घ्यावं. मी बाहेर आलो तर तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि "अंघोळ झाली वाटतं, कोरडीच," एवढंच म्हणाली.

पट्ट्याचं म्हणाल तर काळजी नको. चामडं जुनं झालं की सैल पडतंच. नवा घ्या, अंगावर ताठ बसेल.

तुमचा विद्यार्थी


१ मार्च

विद्यार्थीबुवांस आशीर्वाद, किंचित उणे.

तुम्ही नाणं चाळीस वेळा उडवलंत. उरलेली साठ तुम्ही डोक्यातून लिहिलीत.

कसं कळलं, तर ऐका. पहिल्या चाळिसांत एके ठिकाणी सलग पाच काटे आहेत आणि पुढे सलग चार छापे. नाणं असंच असतं, त्याला रीतभात नसते. पण एक्केचाळिसाव्यापासून एकदम शहाणपण आलं आहे. दोन छापे झाले की एक काटा, काटा झाला की छापा. सलग तीनच्या वर एकदाही नाही. हे नाणं नाही, हा पंगतीत वाढणारा माणूस आहे: याला झालं, आता त्याला. तुम्हांला वाटलं, पाच काटे झाले म्हणजे आता छाप्याची पाळी. नाण्याला पाळी ठाऊक नसते. मागचं काही त्याच्या ध्यानात राहत नाही. ध्यानात तुमच्या राहतं, आणि तुम्ही ते नाण्यावर ढकलता.

पुन्हा शंभर वेळा उडवा. गादीवर उडवा, आवाज होणार नाही.

तपासणी देऊन आलो. तिथली मुलगी बोलायला गोड होती. निकाल आठवड्याने.

अण्णा


१४ मार्च

ती. अण्णांस,

नमस्कार. चाळीसच उडवली होती. दाराशी खटखट झाली आणि उरलेली साठ बाहेर येऊन लिहिली. मला वाटलं, मी नाण्यापेक्षा व्यवस्थित आहे, तेव्हा माझी साठ त्याच्या साठांपेक्षा बरी असतील. यापुढे बोलणं नको.

आता खरं संकट. सोमवारपासून नव्या पद्धतीने तपासणी सुरू झाली. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मी खोक्यात हात घालायचो, मान दुसरीकडे वळवायचो, डोळे घट्ट मिटायचो आणि पन्नास स्क्रू काढायचो. इतकं प्रामाणिक काम मी लग्नात अक्षता टाकतानाही केलेलं नाही. सोमवारी चार खोकी पाहिली, चारही परत. मंगळवारी पाच, पाचही परत. बुधवारपर्यंत माझ्या टेबलामागे परत केलेल्या खोक्यांची भिंत उभी राहिली आणि मी तिच्या आत, किल्लेदारासारखा.

बहुतेक खोकी तीन नंबरच्या मशीनची. ते मशीन चालवणाऱ्या बाई टेबलाशी आल्या. मला कारखान्यात समोर साहेब म्हणतात आणि पाठीमागे भिंग. त्यांनी दोन्ही एकत्र केलं.

"भिंगसाहेब, माझ्या मशीनशी तुमचं काय वाकडं आहे?"

"बाई, हे मी नाही म्हणत, संख्याशास्त्र म्हणतं."

"मग त्याला बोलवा इकडे."

मॅनेजरांनी एक खोकं टेबलावर ओतायला लावलं आणि चार जणांना बसवून सगळेच्या सगळे दोन हजार स्क्रू तपासून घेतले. एकूण खराब अकरा. त्यांतले नऊ मी आधीच काढले होते. उरलेले दोन तळाशी होते, तिथवर माझा हात पोचत नाही.

म्हणजे खोकं चांगलं होतं आणि मी ते परत केलं. पन्नासांत नऊ. मॅनेजर म्हणाले, "परीक्षेचं बघा तुम्ही." बाई नुसत्या उभ्या राहिल्या, ते जास्त लागलं.

आमच्या कारखान्यात असं नसतं, हे वाक्य मी लिहिलेलं नाही. लिहून खोडलं आहे, वर गिचमिड दिसेल ती तीच. पण तुमचं शास्त्र खोटं आहे, एवढं म्हणायची मुभा द्या.

तुमचा, भिंतीआडून


२२ मार्च

किल्लेदारांस आशीर्वाद.

तुमचं पत्र वाचून मी इतका हसलो की खालच्या मजल्यावरची बाई विचारायला वर आली.

दोन हजारांत अकरा खराब. त्यांतून पन्नास काढले तर त्यांत सरासरीने पाव स्क्रू खराब यावा, त्याहून किंचित जास्त. एखादा आला तर नशीब, दोन आले तर योगायोग. नऊ येणं म्हणजे आमच्या थांब्यावर नऊ बस एका वेळी, आणि नऊच्या नऊ रिकाम्या. शास्त्र खोटं नाही, जावईबापू. खोटा आहे तुमचा हात.

तुम्ही डोळे मिटलेत. हात कुठे मिटलात? त्या बोटांना इतकी वर्षं एकच काम: हजारांतून खराब तेवढा उचलणं. आट्यावर राहिलेला कीस, खाचेतला खवला, हे तुमच्या आधी तुमच्या अंगठ्याला कळतं. तुम्ही मान वळवून उभे राहिलात आणि अंगठा आपलं काम करत राहिला. तुम्ही पन्नास काढलेच नाहीत. तुम्ही पन्नास निवडलेत. निवडलेल्यांवरून बाकीच्यांविषयी काही म्हणता येत नाही. फक्त निवडणाऱ्याविषयी म्हणता येतं. या बाबतीत तुमच्या कारखान्यात तुमच्याइतका नालायक माणूस दुसरा नाही. याला स्तुती समजायची असेल तर समजा.

उपाय: ज्याला स्क्रूतलं काही कळत नाही असा माणूस शोधा आणि त्याच्याकडून काढून घ्या. आधी खोकं तळापासून ढवळायला लावा.

नवा धडा, थोडा अवघड. एका गावात हजार माणसं. त्यांतल्या दहांना एक आजार आहे, पण कोणाला ते माहीत नाही. एक तपासणी आहे. आजारी दहांपैकी नवांना ती बरोबर 'हो' सांगते. पण निरोगी माणसांतही दर अकरांतल्या एकाला चुकून 'हो' सांगते. एका माणसाला 'हो' असा निकाल आला. तो खरोखर आजारी असण्याची शक्यता किती? सावकाश सोडवा.

अण्णा


२ एप्रिल

ती. अण्णांस,

नमस्कार, दोन्ही हात जोडून. खोट्या हातासकट.

तुमचं म्हणणं वाचून मी आधी रागावलो, मग अंगठ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग खोक्यात हात घातला आणि एकही स्क्रू न उचलता नुसता फिरवला. अण्णा, तो थांबतो. मी थांबवत नाही, तो थांबतो. आणि तो थांबला की मी श्वासही घेत नाही, हे मला आजवर माहीत नव्हतं.

तुमच्या उपायाप्रमाणे कारखान्यात स्क्रूतलं काहीच न कळणारा माणूस शोधला. तसे बरेच निघाले, पण त्यांतले बहुतेक साहेब लोक. शेवटी कँटीनचा आचारी मिळाला. तो ओगराळं घेऊनच आला. खोकं तळापासून ढवळलं, ओगराळं भरलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "किती वाढू?"

"पन्नास."

"मोजून जेवणारं गिऱ्हाईक मला आवडत नाही," म्हणाला, आणि वाढले.

एकही खराब नाही. पुढच्या खोक्यात एक. तीन नंबरच्या मशीनची सगळी परत आलेली खोकी पुन्हा पाहिली, सगळी पास. बाई टेबलाशी आल्या, मी मान खाली घातली. "चुकलं माझं," म्हणालो. त्या म्हणाल्या, "तुम्ही बसा साहेब, तुमच्यापेक्षा तो ओगराळंवाला बरा." आता सगळा विभाग त्याला मुख्य तपासनीस म्हणतो. मी त्याचा मदतनीस. काढलेले स्क्रू पाहायला अजून माझाच अंगठा लागतो, एवढीच अब्रू उरली आहे.

आता तुमचं गणित. ते मी एका बैठकीत सोडवलं आणि कृती ताडून पाहिली. हजारांत दहा आजारी, त्यांतल्या नवांना 'हो'. निरोगी नऊशे नव्वद, त्यांतल्या अकराव्या हिश्शाला, म्हणजे नव्वदांना, चुकून 'हो'. एकूण 'हो' नव्याण्णव, खरे त्यांतले नऊ. म्हणजे अकरांत एक. चुकायला जागाच नाही. त्या माणसाला माझ्यातर्फे सांगा: बाबा रे, अकरांतले दहा तुझ्या बाजूने आहेत. घरी जा, पोटभर जेव आणि ताणून दे.

परीक्षा सतरा तारखेला.

तुमचा हुशार विद्यार्थी (पहिल्यांदाच लिहितो आहे, खोडू नये)


९ एप्रिल

हुशार विद्यार्थ्यास आशीर्वाद.

उत्तर बरोबर. पूर्ण गुण. खोडलेलं नाही.

तुमचा निरोप त्या माणसाला पोचवला. त्याला फार बरं वाटलं. पुढच्या तपासणीसाठी त्याला इस्पितळात बोलावलं होतं, ती त्याने तुमच्या सांगण्यावरून रद्द केली आणि पोटभर जेवला. म्हणजे प्रयत्न केला.

परीक्षेत प्रश्न दोनदा वाचावा. आमच्याकडे ऊन वाढलं आहे. बस नेहमीप्रमाणे.

अण्णा


१९ एप्रिल

अण्णा,

नमस्कार नंतर.

परवा परीक्षा दिली. पहिले आठ प्रश्न घाम पुसत सोडवले. नववा असा होता: तपासनीसाला संशय आला म्हणून बाजूला काढलेली काही खोकी आहेत, साऱ्या मालात शंभरांत एकच खोकं खराब निघतं, तर यांतलंही शंभरांत एकच खराब धरता येईल का? मी ऐटीत लिहिलं: मुळीच नाही. ही खोकी कोणी डोळे मिटून उचललेली नाहीत. त्यांच्यावर जाणत्या हाताने बोट ठेवलेलं आहे.

लिहिलं, पूर्णविराम दिला आणि पेन तिथेच राहिलं. मला तुमचा तो माणूस आठवला, पुढची तपासणी रद्द करणारा. अण्णा, गणितातला माणूस काही रद्द करत नाही. त्याला तपासणीची तारीखच नसते. तो 'हो' म्हणण्यापुरता जन्माला येतो आणि उत्तर आलं की संपतो.

पट्ट्याला दोन भोकं. आणि मी तुम्हांला नवा पट्टा घ्यायला सांगितलं.

दहावा प्रश्न कोरा सोडून उठलो. तो सगळ्यांत सोपा होता, असं बाहेर कळलं.

आता ऐका. हजारांत दहा आजारी, हा आकडा रस्त्यावरून डोळे मिटून उचललेल्या माणसाचा. तुम्हांला असं कोणी उचललेलं नाही. तुमच्या डॉक्टरांनी उचललं, ज्यांचा हात उभा जन्म लोकांच्या पोटांवर फिरला. हात बराच वेळ ठेवला आणि बोलले काहीच नाहीत, असं तुम्हीच लिहिलंत. स्क्रूत हात घालून मी बोलायचा थांबतो, तेव्हा बोटाला काहीतरी लागलेलं असतं.

त्यांनी ज्यांना ज्यांना तपासणी लिहून दिली असेल अशी हजार माणसं घ्या. त्यांत आजारी दहा कसे असतील? किती असतील ते मला माहीत नाही. एकशेवीस धरले, भागाकार सुटसुटीत यावा म्हणून, दुसरं कारण नाही. त्यांतल्या एकशेआठांना 'हो'. निरोगी आठशेऐंशी, त्यांतल्या ऐंशींना चुकून 'हो'. एकशेआठ विरुद्ध ऐंशी. हे अकरांत एक नाही, अण्णा. हे निम्म्याच्या वर आहे.

माझं २ एप्रिलचं उत्तर मी परत घेतो. खोकं परत. पुढची तारीख घ्या आणि जा.

तुमचा जावई


२५ एप्रिल

जावईबापूंस,

पत्र मिळालं. भाषा जावयाला न शोभणारी होती. गणित शोभणारं होतं.

ते दहा मीच घातले. तिथे दहा चालत नाहीत, हे मला माहीत नव्हतं असं समजू नका. ही चूक मी छत्तीस वर्षं मुलांच्या वह्यांत लाल शाईने खुणावली आहे. निकालाचा कागद घरी आणला, गणित मांडायला बसलो आणि पाहतो तर हात दहाच लिहितो. दुसरा आकडा लिहीना. उत्तर आलं, अकरांत एक. पण स्वतःच लिहिलेलं स्वतःला पटेना. म्हणून तुम्हांला विचारलं. सगळ्या जगाचा माल परत करणारा माणूस जर पास म्हणाला, तर मग आपण तरी कशाला संशय घ्या. तुम्ही पास म्हणालात. त्या दिवशी मी खरंच जेवलो.

तुम्ही आता परत केलंत, तरी मी जाणार नाही. शहात्तर झाली. तुमच्या सासूबाईंना त्याच इस्पितळात नेलं होतं. तेव्हा चढताना दोघं होतो आणि तो जिना मी एकटा उतरलो. आणि समजा, निघालंच काही. तर? याचं उत्तर तुमच्या पुस्तकात असेल तर कळवा.

कन्येला सांगू नका. हे मागणं नाही, सांगणं आहे.

अण्णा


२९ एप्रिल

ती. अण्णांस,

सांगितलं.

तुमचं पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ती भांडी पुसत होती. पट्टा सांगितला, डॉक्टर सांगितले, ती तपासणी, ते अकरांत एक, सगळं. बाथरूममधल्या साबणापासून. तिने पुसायचं थांबवलं नाही.

"म्हणजे तीन महिने तुम्ही दोघं मिळून मला फसवत होता."

"फसवत नव्हतो. मी शिकत होतो."

"काय शिकलात?"

ताटं जागच्या जागी लावून झाल्यावर म्हणाली, "अण्णांना घाबरलेलं मी कधी पाहिलेलं नाही. कसे दिसत असतील?" मी म्हणालो, "पत्रात तर हसताना दिसतात." तशी ती खाली बसली. थोड्या वेळाने उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "बॅग माळ्यावर आहे. काढा."

समजा निघालंच तर काय, याचं उत्तर पुस्तकात नाही. सगळं उलटून पाहिलं, सूचीसुद्धा. मला स्वतःला इतकंच येतं: मी न पाहिलेला खराब स्क्रू न पाहिल्यामुळे चांगला होत नाही. तो कोणाच्या तरी दारात जाऊन बसतो आणि एक दिवस दार हातात येतं. पाहिला तर निदान काय करायचं ते ठरवता येतं. याहून मोठं तत्त्वज्ञान नववीपर्यंत शिकवलेलं नाही.

दोघंही पुढच्या आठवड्यात गुरुवारी पोचतो. जिना उतरताना तुम्ही एकटे नसाल, एवढं मी कुठलाही आकडा न मांडता सांगतो.

परीक्षेत पास झालो. बासष्ट. हे तुम्हांला ओरडून सांगायचं ठरवलं होतं, सध्या बारीक आवाजात सांगतो.

तुमचा जावई


४ मे

जावईबापू,

हे पत्र तुम्ही निघायच्या आधी पोचावं म्हणून आजच टाकतो.

काल इस्पितळात जाऊन तारीख घेऊन आलो. शुक्रवार सकाळ. कन्येला सांगा, मी आपणहून गेलो. तिच्या बॅगेला घाबरून नव्हे. थोडं तेही आहे.

तिथल्या बाई म्हणाल्या, गुंगी देणार आहेत. तुम्ही पूर्ण जागे होईपर्यंत डॉक्टरांनी बाहेर कोणाशी बोलायचं आणि मग तुम्हांला कोणी सांगायचं, ते आत्ताच ठरवून द्या. मुलगी, असं तोंडावर आलं होतं. पण तिचा चेहरा मला ती पाळण्यात असल्यापासून वाचता येतो. ती दारात उभी राहील आणि मला कळून चुकेल. मग तिला माझ्यासमोर धीर धरावा लागेल, मला तिच्यासमोर. त्या खोलीत तेवढं अवजड काम आम्हां दोघांना जमणार नाही.

तुमचा चेहरा एकोणीस वर्षांत मला एकदाही वाचता आलेला नाही. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा तुमच्याविरुद्ध मी घरात जी चार कारणं सांगितली, त्यांतलं हे पहिलं होतं. बाईंना तुमचं नाव दिलं आहे.

आत आलात की खुर्ची ओढून शांतपणे बसा. आधी थोडं इकडचं तिकडचं बोला, ऊन, प्रवास, काहीही. मी उत्तरं देईन. मग सांगा.

अण्णा